पानातले जीन वेगळे कोडॉन वापरतात का? हे स्वतः तपासायचं कसं

आधी डीएनएचे हे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवून बघा, यात तीन अक्षरांचा एकेक गट म्हणजे एक कोडॉन, आणि एक कोडॉन म्हणजे एका अमिनो अ‍ॅसिडचं नाव. पहिला: एटीजी एएजी टीटीसी एएसी सीटीसी. दुसरा: एटीजी एएए टीटीटी एएटी टीटीए. दोन्ही वाचून रायबोसोम (पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र) अगदी तेच पाच अमिनो अ‍ॅसिड त्याच क्रमाने जोडणार, मेथिओनिन, लायसिन, फिनाइलअ‍ॅलनिन, अ‍ॅस्परजिन, ल्युसिन. प्रोटीनमध्ये कणभर फरक नाही. डीएनएमध्ये मात्र जवळपास प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग वेगळं, बहुतेक ठिकाणी तिसरं अक्षर बदललंय आणि ल्युसिनच्या बाबतीत पहिलं पण. एकूण ६४ कोडॉन, त्यातले ३ स्टॉप (प्रोटीन इथे संपलं अशी खूण), उरले ६१, त्यातून मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांना एकेकच कोडॉन आहे म्हणून ते दोन काढा, म्हणजे जिथे निवडीला वाव आहे असे ५९ कोडॉन उरतात आणि आपला सगळा खेळ त्या ५९ मध्ये आहे.

आता प्रश्न असा की पानात जोरात चालणारे जीन आणि मुळांमध्ये किंवा परागकणात जोरात चालणारे जीन या ५९ मधून वेगवेगळी निवड करतात का. प्रश्न भारी आहे आणि डेटा सगळा फुकट उपलब्ध आहे, त्यामुळे एमएस्सीच्या प्रोजेक्टपासून पीएचडीपर्यंत बरेच जण यात हात घालतात. आणि बहुतेकांना पहिल्याच दिवशी 'फरक' सापडतो! खरं काम तिथून पुढे सुरू होतं, कारण त्या फरकातला बराचसा टिश्यूमुळे (पान, मूळ, पराग अशा भागामुळे) आलेला नसतो, तो जीसीचं प्रमाण (डीएनएत जी आणि सी ही अक्षरं किती), प्रोटीनचा प्रकार, जीन किती जोरात चालतो (त्याच्या आरएनएच्या किती प्रती बनतात), जीनची लांबी, अशा भलत्याच गोष्टींतून आलेला असतो. हे सगळं वजा केल्यावर जे उरेल तेच टिश्यूचं म्हणायचं. ते वजा कसं करायचं हेच खाली सांगतोय, अरॅबिडॉप्सिस (प्रयोगशाळेत वापरतात ते मोहरीकुळातलं छोटं झाड) धरून सांगतो कारण त्याचा डेटा सगळ्यात स्वच्छ आहे, भात मका गव्हाला कुठे वेगळं वागावं लागतं ते मध्ये मध्ये सांगेन.

सुरुवात सिक्वेन्सपासून. टेअर, एन्सेम्बल प्लांट्स किंवा फायटोझोम या डेटाबेसमधला कुठलाही एक घ्या पण एकच घ्या, आणि व्हर्जन लिहून ठेवा. फाइल सीडीएसची हवी, म्हणजे जीनचा फक्त प्रोटीनमध्ये उतरणारा भाग. सीडीएनएची, म्हणजे एमआरएनएच्या पूर्ण प्रतीची, नको! हे मी ओरडून सांगतोय कारण मी स्वतः एकदा सीडीएनएची फाइल लावून पूर्ण आठवडा घालवला आहे. सीडीएनएमध्ये पुढे मागे यूटीआर (प्रोटीनमध्ये न उतरणारे भाग) असतात, त्यामुळे पहिल्या अक्षरापासून तीन तीन मोजत गेलात की फ्रेम चुकते आणि तुम्ही जे मोजताय ते कोडॉनच नसतात. माझ्याकडे सगळे कोडॉन छान सपाट, एकसारखे येत होते, मला वाटलं झाडात बायसच, म्हणजे कोडॉनची आवडनिवडच, नाही. पकडलं कशावरून, तर मध्येच स्टॉप कोडॉन दिसायला लागले. चुकीच्या फ्रेममध्ये साधारण दर २१ कोडॉनमागे एक स्टॉप योगायोगानेच येतो, ६४ मध्ये ३ म्हणजे तेवढंच, आणि खऱ्या सीडीएसमध्ये तो फक्त शेवटी एकदाच यायला हवा. म्हणून पहिली स्क्रिप्ट कायम तपासणीचीच लिहा: लांबीला तीनने पूर्ण भाग जातोय, सुरुवातीला एटीजी आहे, शेवटी टीएए टीएजी किंवा टीजीए आहे, मध्ये स्टॉप नाही, एन (न कळलेलं) अक्षर नाही. यात न बसणारा जीन बाजूला काढा आणि किती निघाले तो आकडा वहीत लिहा.

मग आयसोफॉर्म, म्हणजे एकाच जीनपासून बनणारी वेगवेगळी आरएनए ट्रान्सक्रिप्ट. एका जीनची सहा ट्रान्सक्रिप्ट असतील आणि सहाही ठेवलीत तर तो एकटा जीन सहा मतं देतो. अरॅबिडॉप्सिसच्या आयडीत शेवटी टिंब आणि आकडा असतो तो याचाच. प्रत्येक जीनचं एकच मॉडेल घ्या, रिप्रेझेंटेटिव्ह दिलेलं असेल तर ते, नसेल तर सगळ्यात लांब सीडीएस. आणि क्लोरोप्लास्ट, मायटोकॉन्ड्रियाचे जीन आत्ताच वेगळे करा, आयडीत क्रोमोसोमच्या आकड्याच्या जागी सी किंवा एम असतो तिथे. ही क्षुल्लक साफसफाई वाटेल पण नाही, क्लोरोप्लास्टचा स्वतःचा कोडॉनचा कल आहे, तिसऱ्या जागी ए आणि टी भरपूर, त्याचे टीआरएनए (कोडॉन ओळखून अमिनो अ‍ॅसिड आणून देणारे रेणू) वेगळे, रायबोसोम वेगळा, आणि नेमके हेच जीन पानात धो धो चालतात. रुबिस्कोचं उदाहरण घ्या, त्याचा मोठा सबयुनिट क्लोरोप्लास्टच्या जीनमधून येतो आणि छोटा न्यूक्लिअसमधल्या जीनमधून. दोन्ही 'पानाचे' म्हणून एका यादीत टाकलेत तर पानाचे जीन एटीवाले आहेत असा निष्कर्ष निघेल आणि तो निष्कर्ष पानाचा नसेल, क्लोरोप्लास्टचा असेल.

१०० कोडॉनपेक्षा छोटे जीन मी काढून टाकतो. काही जण हळहळतात, कारण परागकणातले आणि बचावाचे बरेचसे छोटे पेप्टाइड त्यात जातात. पण ज्या जीनमध्ये सिस्टीन फक्त दोनदा आलंय त्याच्या सिस्टीनच्या निवडीबद्दल बोलणार तरी काय. त्यांना सोडवत नसेल तर सगळे एकत्र जोडून एक गट म्हणून मोजा, एकेकटे नको.

आता मोजमाप. सगळ्यात आधी आरएससीयू (कोडॉन समान वाट्याच्या किती पट वापरलाय ते), १९८६ पासून वापरात आहे आणि हाताने करता येतं, म्हणून एकदा तरी हाताने कराच. समजा एका जीनमध्ये फिनाइलअ‍ॅलनिन १६ वेळा आलंय, १२ वेळा टीटीसी, ४ वेळा टीटीटी. निवड समान असती तर दोघांना ८-८ मिळाले असते. म्हणून टीटीसीचं आरएससीयू १२ भागिले ८ म्हणजे १.५ आणि टीटीटीचं ०.५. ल्युसिनला सहा कोडॉन आहेत, ३० ल्युसिन असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ यायला हवेत, सीटीटी १२ वेळा आला तर २.४. एक म्हणजे कल नाही, एकाच्या वर म्हणजे आवडता, खाली म्हणजे नावडता. याची खरी ताकद अशी की प्रोटीनमध्ये ल्युसिन किती आहे याने आकडा हलत नाही, कारण तुलना ल्युसिनच्या घरातल्या घरातच होते.

आणि हे टिश्यूच्या बाबतीत फार कामाचं आहे. बियांमधली साठवणीची प्रोटीनं ग्लुटामिनने भरलेली असतात, मक्याच्या झेइनमध्ये ग्लुटामिन ल्युसिन अ‍ॅलनिन प्रोलिन खच्चून आणि लायसिन जवळपास नाहीच. तुम्ही दर हजारी कोडॉन किती असा साधा तक्ता केलात तर बियांमध्ये सीएए आणि सीएजी दोन्ही वर दिसणार, एएए आणि एएजी दोन्ही खाली. हा कोडॉनचा फरक नाही, अमिनो अ‍ॅसिडचा फरक आहे. सीएए वर आणि सीएजी खाली असं आपसात झालं तरच पुढे बोलायचं.

दुसरं सीएआय (जीनचे कोडॉन जोरात चालणाऱ्या जीनच्या कोडॉनशी किती जुळतात ते), १९८७ चं. यात आधी एक रेफरन्स गट लागतो, खूप जोरात चालणाऱ्या जीनचा, त्यावरून प्रत्येक कोडॉनला वजन मिळतं, आपल्या घरातल्या सगळ्यात लाडक्या कोडॉनच्या तुलनेत. वरचंच उदाहरण रेफरन्स गटाचं धरलं तर टीटीसीचं वजन १ आणि टीटीटीचं ०.५ भागिले १.५, म्हणजे ०.३३. मग जीनमधल्या सगळ्या कोडॉनच्या वजनांचा गुणोत्तर मध्य काढायचा, म्हणजे लॉग घ्या, सरासरी काढा, परत उलटवा. थेट गुणाकार करत बसलात तर लांब जीनमध्ये आकडा इतका बारीक होतो की कॉम्प्युटर शून्य धरतो. पण इथला खड्डा गणिताचा नाहीये, रेफरन्स गटाचा आहे. पानातले सगळ्यात जोरात चालणारे जीन रेफरन्स म्हणून घेतलेत आणि मग पानाच्या जीनचा सीएआय मुळांपेक्षा जास्त आला म्हणून आनंद झाला, तर तुम्ही उत्तर प्रश्नातच टाकून ठेवलं होतं. रायबोसोमल प्रोटीनचे जीन घ्या, अरॅबिडॉप्सिसमध्ये सायटोप्लाझमच्या रायबोसोमसाठी ८० कुटुंबं आणि दोनशेच्या वर जीन आहेत, जवळपास सगळीकडे चालतात. तेही वाढणाऱ्या टोकांकडे थोडे झुकलेले असतात हे लक्षात ठेवा, तरी पानाच्या जीनपेक्षा बरेच बरे.

तिसरं ईएनसी (जीन प्रत्यक्षात जणू किती कोडॉन वापरतो ते), १९९० चं, याला रेफरन्स लागत नाही. २० म्हणजे प्रत्येक अमिनो अ‍ॅसिडला एकच कोडॉन धरून बसलाय, ६१ म्हणजे सगळे सारखे. हे एकट्याने वाचू नका, कायम जीसी३ बरोबर वाचा, जीसी३ म्हणजे तिसऱ्या जागी जी किंवा सी किती टक्के. नुसत्या जीसी३ मुळे ईएनसी किती अपेक्षित आहे याचं सूत्र आहे: २ अधिक एस, अधिक २९ भागिले (एसचा वर्ग, अधिक 'एक वजा एस' या अख्ख्याचा वर्ग), यात एस म्हणजे जीसी३. एस ०.५ टाका, ६०.५ येतं. ०.३ टाका, ५२.३. ०.९ टाका, जेमतेम ३८.३. म्हणजे एखाद्या जीनचा ईएनसी ३८ आहे पण त्याचा जीसी३ ९० टक्के आहे तर तिथे वेगळं काही घडलेलंच नाही, तो या सूत्राच्या रेषेवर आहे. रेषेच्या बराच खाली असलेला जीन हाच आपल्या कामाचा. मी प्रत्येक जीनसाठी अपेक्षित वजा प्रत्यक्ष असा फरक काढतो आणि टिश्यूची तुलना त्या फरकावर करतो, कच्च्या ईएनसीवर कधीच नाही.

सॉफ्टवेअरचं फार टेन्शन घेऊ नका. आरमध्ये सेकइनआर पॅकेज आहे त्यात यूसीओ नावाचं फंक्शन आरएससीयू देतं, एम्बॉसमध्ये कस्प आणि चिप्स आहेत, कोडॉनडब्ल्यू जुनं आहे पण चालतं, पायथॉनवाल्यांना बायोपायथॉन आहेच. दोन वेगळ्या टूलमधून दहा जीनचे आकडे काढून जुळवून बघा, स्टॉप आणि मेथिओनिन धरायचे की नाही यावरून थोडं इकडे तिकडे होतं.

आता एक्सप्रेशन, म्हणजे कुठला जीन कुठे किती चालतो. अरॅबिडॉप्सिससाठी २००५ चा एटीजेनएक्सप्रेस आहे, तो मायक्रोअ‍ॅरेचा, आणि २०१६ चा आरएनए-सेकचा (आरएनए सिक्वेन्स करून मोजलेला) अ‍ॅटलस आहे ज्यात अवयव आणि वाढीच्या अवस्था मिळून ७९ नमुने आहेत. आरएनए-सेकवालाच घ्या. टीपीएम (दर दहा लाख ट्रान्सक्रिप्टमागे या जीनची किती) मध्ये, रेप्लिकेटची (त्याच नमुन्याच्या पुनरावृत्तींची) सरासरी, एक मिळवून लॉग. कुठल्याच नमुन्यात १ टीपीएमच्या वर न जाणारे जीन सोडून द्या.

मग 'पानाचा जीन' कुणाला म्हणायचं? यासाठी टाऊ नावाचा आकडा वापरा, साधा आहे. प्रत्येक टिश्यूतली किंमत त्या जीनच्या सगळ्यात मोठ्या किमतीने भागा, एकातून वजा करा, सगळे मिळवा, टिश्यूंच्या संख्येतून एक कमी करून त्याने भागा. पाच टिश्यूमध्ये किमती ८, ४, २, ०, ० असतील तर ० अधिक ०.५ अधिक ०.७५ अधिक १ अधिक १, बेरीज ३.२५, भागिले ४, टाऊ ०.८१. सगळीकडे सारखा चालणारा जीन शून्य, एकाच ठिकाणी चालणारा एक. ०.८ किंवा ०.८५ च्या वर टिश्यू-स्पेसिफिक म्हणतात. कुठलाही आकडा घ्या, पण निकाल बघून झाल्यावर बदलू नका.

टाऊमध्ये एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. तुमच्या डेटात पानाचे १२ नमुने असतील, कोवळं पान, जून पान, देठ, पात्याचं टोक, आणि मुळाचे २, तर पानाचा जीन बारा ठिकाणी चालताना दिसतो आणि टाऊच्या दृष्टीने तो 'सगळीकडे चालणारा' ठरतो. मुळाचा जीन दोनच ठिकाणी, म्हणून तो स्पेसिफिक. म्हणजे नमुने कसे गोळा केले यावरूनच तुमची पानाची यादी रोडावते आणि मुळाची फुगते, आणि पानाच्या यादीत जे उरतात ते सगळे एखाद्या विचित्र अवस्थेतले उरतात. म्हणून टाऊ काढण्याआधी सारखे नमुने एकत्र करा: पान, मूळ, खोड, फुलाच्या पाकळ्या, परागकण, बी, शेंग. प्रत्येकाची एक सरासरी. ७९ चे आठ-दहा झाले तरी चालेल. आणि अख्खं फूल हा टिश्यू म्हणून वापरू नका, त्यात पराग, बीजांड, पाकळ्या, हिरवी निदलं सगळं आलं, परागकणाचा जीन फुलातही दिसतो आणि टाऊ उगाच खाली येतो.

इथपर्यंत आलात की तुमच्याकडे एक मोठा टेबल आहे, प्रत्येक ओळीत एक जीन, त्याचा टिश्यू, टाऊ, सर्वाधिक टीपीएम, लांबी, जीसी३, ईएनसीचा फरक, ५९ आरएससीयू. आता बॉक्सप्लॉट काढायचा मोह होईल, काढा, पण कुणाला दाखवू नका अजून.

२००४ साली माणसाच्या जीनवर एक पेपर आला होता की मेंदूचे जीन, यकृताचे जीन कोडॉनवरून वेगळे ओळखता येतात. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, दुसऱ्या गटाने तोच प्रश्न पुन्हा घेतला आणि दाखवलं की तो फरक मुख्यतः जीन क्रोमोसोमच्या कुठल्या भागात बसलाय आणि तिथे जीसी किती आहे यातून येतो, टिश्यूशी जुळवून घेतल्याचा पुरावा नाही. झाडांमध्ये २०१२ मध्ये अरॅबिडॉप्सिसवर कोडॉन बायस आणि टिश्यू यांचा संबंध मांडणारं काम आलं. म्हणजे प्रश्न जिवंत आहे, पण २००४ ची चूक आपण परत करायला नको.

तर वजा करायच्या गोष्टी. पहिली, एक्सप्रेशनची पातळी. अरॅबिडॉप्सिसमध्ये जोरात चालणाऱ्या जीनचा कल ठराविक कोडॉनकडे असतो, लायसिनला एएजी, फिनाइलअ‍ॅलनिनला टीटीसी, अ‍ॅस्परजिनला एएसी, टायरोसिनला टीएसी. पानात प्रकाशसंश्लेषणाचे मोजके जीन एकूण आरएनएचा केवढा तरी वाटा खातात. त्यामुळे पानाच्या यादीत जोरकस जीन जास्त, मुळांच्या यादीत मध्यम जास्त, आणि फरक टिश्यूचा न राहता जोराचा होऊन बसतो. उपाय जोड्या लावायचा: पानाच्या प्रत्येक जीनला मुळांमधला असा एक जीन शोधा ज्याचा सर्वाधिक टीपीएम आणि लांबी जवळपास तेवढीच आहे. जोडी न मिळणारे सोडा. याद्या बऱ्याच लहान होतात, जीव तुटतो, तरी करा.

दुसरी, जागेचं जीसी. याला सगळ्यात छान साक्षीदार म्हणजे त्याच जीनचे इंट्रॉन, आरएनएतून कापून टाकले जाणारे तुकडे. इंट्रॉन प्रोटीनमध्ये जात नाहीत, त्यामुळे ट्रान्सलेशनसाठीची निवड त्यांच्यावर चालत नाही, पण म्युटेशनचा कल आणि जीसीकडे झुकलेलं जीन कन्व्हर्जन (एका प्रतीवरून दुसरी दुरुस्त होताना जीसीला मिळणारं झुकतं माप) दोघांवर चालतं. पानाच्या जीनचा जीसी३ जास्त आणि त्यांच्या इंट्रॉनचं जीसी पण जास्त असेल तर तो परिसराचा गुण. जीसी३ जास्त आणि इंट्रॉन मात्र बाकीच्यांसारखेच असतील तर कान टवकारा. स्प्लाइस साइटजवळची (इंट्रॉन कापला जातो त्या जागेजवळची) थोडी अक्षरं दोन्ही टोकांनी सोडून मग मोजा, तिथे सिक्वेन्स बांधलेला असतो.

भात, मका, गहू करणाऱ्यांसाठी हा भाग दुप्पट महत्त्वाचा. गवतकुळात जीसी३ चा आलेख एका टेकडीचा नसतो, दोन टेकड्यांचा असतो, एक गट साधारण आणि दुसरा खूप जीसीवाला. शिवाय एकाच जीनमध्ये सुरुवातीच्या टोकाला जीसी जास्त आणि शेवटाकडे कमी असा उतार असतो. म्हणजे छोटा जीन, कमी इंट्रॉन, तर बहुतेक वेळा जीसी३ आपोआप वर. भातात दोन टिश्यूंची सरासरी काढून तुलना म्हणजे पहिल्या टेकडीतले किती आणि दुसरीतले किती एवढंच मोजणं. दोन्ही गट आधी वेगळे करा आणि तुलना गटाच्या आत करा. गव्हात आणखी ए, बी, डी अशा तीन जीनोमच्या जुळ्या प्रती आहेत, तीन प्रती म्हणजे तीन स्वतंत्र पुरावे नाहीत, तिन्हींचा मिळून एक.

हेच तत्त्व जीनच्या कुटुंबांनाही. बियांमधले साठवणीचे जीन, परागकणातले पेक्टिन तोडणारे एन्झाइम, यांच्या एकाशेजारी एक प्रती असतात. एकाच पूर्वजाची वीस मुलं एकसारखे कोडॉन वापरतात कारण ती भावंडं आहेत! परागकणाने वीस वेळा तीच निवड केली असा अर्थ होत नाही. सिक्वेन्सच्या साम्यावर गट पाडा आणि प्रत्येक गटातून एकच घ्या, किंवा मॉडेलमध्ये कुटुंब हा रँडम इफेक्ट टाका.

आता टेस्ट. ५९ कोडॉन आणि १० टिश्यू म्हणजे ५९० टेस्ट, ०.०५ ची रेघ धरली तर काहीही खरं नसतानाही तीसेक 'महत्त्वाचे' निघणार. बेंजामिनी-हॉकबर्ग करेक्शन (खूप टेस्टमधून योगायोगाने निघणारे निकाल आवरणारी दुरुस्ती) लावा, आणि त्याच्याही आधी मला जास्त भरवशाची वाटते ती गोष्ट म्हणजे लेबलं पिसणं: जोड्यांच्या आत पान आणि मूळ ही लेबलं रँडम अदलाबदल करा, फरक परत काढा, असं १०,००० वेळा. तुमचा खरा फरक त्या ढिगात कुठे बसतो ते बघा. ढिगाच्या मधोमध बसला तर विषय संपला, आणि तसं लिहायला अजिबात लाजू नका, 'फरक नाही' हे पण उत्तर आहे आणि अशी उत्तरं छापली जात नाहीत म्हणूनच पुढचा माणूस परत तीच दोन वर्षं घालवतो.

करस्पॉन्डन्स अ‍ॅनालिसिस (मोठं टेबल मोजक्या अक्षांच्या चित्रात मांडायची पद्धत) खूप जण करतात, रंगीत चित्र छान येतं. करा, पण आरएससीयूच्या टेबलवर थेट नको, तिथे दोनदाच आलेल्या सिस्टीनला आणि पन्नासदा आलेल्या ल्युसिनला सारखं वजन मिळतं आणि दुर्मिळ अमिनो अ‍ॅसिड चित्र ओढून नेतात. कच्च्या मोजणीवर, अमिनो अ‍ॅसिडच्या गटाच्या आत होणारा प्रकार आहे, तो वापरा. पहिला अक्ष जवळपास नेहमी जीसी३ च निघतो, त्याला जैविक शोध समजू नका.

फरक उरलाच, तर पुढचा प्रश्न टीआरएनएचा. टिश्यूनुसार टीआरएनएचा साठा बदलत असेल तरच कोडॉन बदलण्यात अर्थ. असं होऊ शकतं याची जुनी खूण आहे, १९७८ मध्ये मक्याच्या एंडोस्पर्मवर (दाण्यातल्या अन्नसाठ्याच्या भागावर) काम झालं त्यात तिथला टीआरएनएचा साठा झेइनच्या अमिनो अ‍ॅसिडशी जुळलेला दिसला. पण नीट बघा, ते मुख्यतः अमिनो अ‍ॅसिडच्या पातळीवरचं जुळणं आहे. टीआरएनए सिक्वेन्स करणं अवघड, त्याच्या अंगावर इतकी मॉडिफिकेशन असतात की रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) मध्येच अडकतो, म्हणून बहुतेक जण जीनोममधल्या टीआरएनए जीनच्या प्रती मोजून टीएआय (कोडॉन टीआरएनएच्या साठ्याशी किती जुळतात ते) काढतात. तिथे एक सापळा आहे तो जवळून दाखवतो. अरॅबिडॉप्सिसच्या पहिल्या क्रोमोसोमवर सेरीन-टायरोसिन-टायरोसिन असा तुकडा २७ वेळा ओळीने आलाय, म्हणजे ८१ जीन एका जागी, त्यातले ५४ टायरोसिनचे. असे पुंजके बहुतेक टिश्यूमध्ये एपिजेनेटिक पद्धतीने (डीएनएची अक्षरं न बदलता) गप्प केलेले असतात. टीएआयमध्ये सगळ्यात मोठ्या वजनाने बाकीच्यांना भागतात, त्यामुळे हे गप्प बसलेले टायरोसिन मोजलेत की ५९ च्या ५९ कोडॉनचा हिशोब बिघडतो. पुंजका वगळून एकदा आणि धरून एकदा, दोन्ही काढा.

आणि टीपीएम हे आरएनएचं माप आहे, प्रोटीनचं नाही. यीस्टमध्ये २०१५ साली दिसलं की कोडॉनची निवड एमआरएनए किती काळ टिकतो यावरही परिणाम करते, म्हणजे ज्याला आपण कारण धरतोय त्यातच परिणाम मिसळलेला असू शकतो. २०२० मध्ये अरॅबिडॉप्सिसच्या ३० टिश्यूंचा प्रोटीनचा अ‍ॅटलस आला, मास स्पेक्ट्रोमेट्रीने केलेला. शक्य असेल तर प्रोटीन भागिले एमआरएनए हे गुणोत्तर काढा आणि कोडॉन त्याच्याशी जुळवा, ट्रान्सलेशनबद्दल बोलायचं तर हाच आकडा जास्त जवळचा.

काही जण हे सगळं वाचायला येतात ते ट्रान्सजीन (झाडात बाहेरून घालायचा जीन) डिझाइन करायला, की माझा जीन बियांमध्ये चालवायचाय तर बियांचे कोडॉन टाकू का. माझं स्पष्ट मत, टिश्यूची निवड प्रमोटरवर (जीन कुठे चालू होणार ते ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) सोडा. २००० साली गोल्डन राइस झाला तेव्हा दाण्यात जीन चालावा म्हणून एंडोस्पर्मचा ग्लुटेलिन प्रमोटर लावला होता. टिश्यू ठरवण्याची ताकद तिथे आहे, कोडॉनची मदत त्याच्यापुढे फार थोडी. कोडॉन त्या वनस्पतीच्या जोरात चालणाऱ्या जीनकडे बघून ठरवा, आणि जुना काझुसाचा कोडॉन वापराचा तक्ता वापरणार असाल तर तो २००७ च्या जेनबँकवर उभा आहे, काही जातींसाठी त्यात अगदीच थोडे जीन आहेत, त्यापेक्षा वर केलेल्या सीडीएस फाइलमधून स्वतःचा तक्ता काढा. क्लोरोप्लास्टमध्ये जीन घालायचा असेल तर तक्ता क्लोरोप्लास्टचाच.

पण कोडॉनमुळे काहीच होत नाही असंही नाही. बीटीचा जीन बॅक्टेरियाचा, एटीने भरलेला, झाडात चालेचना. १९९१ मध्ये प्रोटीन तेच ठेवून सिक्वेन्स बदलला, झाडाच्या पॉलिए सिग्नलसारखे (आरएनए इथे संपव अशा खुणेसारखे) दिसणारे तुकडे आणि एटीच्या लांब रांगा काढल्या, तर प्रोटीन १०० पटीपर्यंत वाढलं. जीएफपीचं (हिरवं चमकणारं प्रोटीन) तर याहून बोलकं, जेलीफिशच्या त्या जीनमधला ८४ अक्षरांचा तुकडा अरॅबिडॉप्सिसला इंट्रॉन वाटला आणि तो कापून टाकत होता, १९९७ मध्ये तो तुकडा बदलून जीएफपी नीट चमकायला लागला. म्हणून कुठल्याही टूलने ऑप्टिमाइझ केलेला सिक्वेन्स ऑर्डर करण्याआधी स्प्लाइस साइट शोधणाऱ्या प्रोग्रॅममधून काढा, एएटीएएए (पॉलिए सिग्नल) आणि एटीटीटीए (आरएनए लवकर मोडायला लावणारा तुकडा) कुठे नव्याने तयार झालेत का बघा, क्लोनिंगला लागणाऱ्या एन्झाइमच्या साइट बघा, आणि प्रत्येक ठिकाणी एकच लाडका कोडॉन ठोकू नका, त्याने रिपीट तयार होतात आणि सिंथेसिस करणाऱ्यांकडून सिक्वेन्स परत येतो. शेवटी त्या नव्या सिक्वेन्सचं भाषांतर करून मूळ प्रोटीनशी अक्षर अन् अक्षर जुळवा. दोन मिनिटं लागतात.